फुटबॉलपटूचा दाखला

३ ऑगस्ट २०१७ रोजी नेमारचे वकील माद्रिदला स्पॅनिश लीगच्या कार्यालयात बावीस कोटी वीस लाख युरो भरायला गेले आणि लीगने ते घ्यायला नकार दिला. वकिलांनी मग थेट बार्सिलोना क्लबचे कार्यालय गाठले, तिथे रक्कम भरली आणि नेमार मोकळा झाला. दुसऱ्याच दिवशी पॅरिस सेंट-जर्मेन, म्हणजे पीएसजी, या क्लबने त्याला पत्रकारांपुढे आणले. एका फुटबॉलपटूसाठी एवढी रक्कम त्याआधी कुणी मोजली नव्हती.

बार्सिलोनाने नेमारला विकले, असे सगळीकडे छापून आले. वास्तविक बार्सिलोनाला तो विकायचाच नव्हता. त्याचा करार २०२१ पर्यंत होता आणि क्लबचा त्याला सोडायला विरोध होता. पण स्पेनमध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या नोकरीबद्दल १९८५ चा एक शाही आदेश आहे. खेळाडू हाही नोकरच, मुदतीआधी नोकरी सोडण्याचा हक्क त्यालाही आहे, फक्त मालकाला भरपाई द्यावी लागेल, असे तो आदेश सांगतो. ही भरपाई किती, याचा वाद पुढे नको म्हणून स्पॅनिश क्लब करारातच आकडा घालून ठेवतात. तोच रिलीज क्लॉज. आकडा मुद्दाम अवाच्या सवा ठेवायचा, म्हणजे कुणी जवळ फिरकणार नाही, असा हिशेब असतो. २०१७ मध्ये तो चुकला, कारण पीएसजीमागे कतारचा पैसा होता.

तर ट्रान्सफर फी म्हणजे माणसाची किंमत नसते. चालू करार मुदतीआधी संपवायला मालकाने राजी व्हावे, म्हणून मोजलेले ते पैसे. बहुतेक वेळा दोन क्लब वाटाघाट करून आकडा ठरवतात, स्पेनमध्ये तो आधीच लिहिलेला असतो, एवढाच फरक. हे इतके सरळ असते, तर खेळाडू आणि क्लब यांच्यात शंभर वर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या नसत्या. गोम अशी की, फुटबॉलपटू दोन कागदांनी बांधलेला असतो. एक करार. तो त्याच्यात आणि क्लबात होतो, त्यात पगार असतो, मुदत असते. दुसरी नोंदणी. ती देशाच्या फुटबॉल महासंघाच्या दप्तरात असते आणि अमुक खेळाडू अमुक क्लबचा, एवढेच सांगते. नोंदणी नसेल तर सराव करता येतो, पगारही घेता येतो, पण अधिकृत सामन्यात पाऊल टाकता येत नाही. परदेशी क्लबात जायचे तर जुन्या देशाच्या महासंघाने आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र पाठवावे लागते. शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरणारे मुख्याध्यापक ज्यांनी पाहिलेत, त्यांना या कागदाची ताकद वेगळी समजावून सांगायला नको. पोरगा शाळेत जात नाही, फीचा वाद चालू आहे, आणि दाखल्याशिवाय दुसरी शाळा दारात उभे करत नाही.

इंग्लंडमध्ये ही व्यवस्था १८९३ पासून होती. श्रीमंत क्लब गरीब क्लबांचे खेळाडू वाटेल तेव्हा पळवतील, या भीतीने लीगने नियम केला की, करार संपला तरी नोंदणी जुन्या क्लबकडेच राहील. क्लबने ठरवले तर तो खेळाडूला राखून ठेवू शकत असे, म्हणजे त्याला पगार द्यायचा नाही आणि दुसरीकडे खेळूही द्यायचे नाही. जोडीला १९०१ पासून पगाराची कमाल मर्यादाही होती. सुरुवातीला आठवड्याला चार पौंड. वाढत वाढत १९६० च्या सुमारास ती वीस पौंडांवर आली. पन्नास-साठ हजार माणसे तिकीट काढून ज्यांना बघायला येत, त्यांना आठवड्याला वीस पौंड.

न्यूकॅसल युनायटेडचा जॉर्ज ईस्टहॅम याच व्यवस्थेला भिडला. १९६० च्या जूनमध्ये त्याचा करार संपला. क्लबने दिलेल्या घराबद्दल आणि जोडधंद्याबद्दल त्याच्या तक्रारी होत्या. इंग्लंडच्या तेवीस वर्षांखालील संघाच्या दौऱ्यावर जाण्यावरूनही बिनसले होते. त्याने नवा करार नाकारला आणि दुसऱ्या क्लबात जाऊ द्या म्हणून सांगितले. क्लबने त्याला राखून ठेवले. ईस्टहॅम दक्षिणेत सरे परगण्यात गेला आणि एका परिचिताकडे कॉर्क विकण्याचे काम करू लागला. इंग्लंडच्या उत्तम इनसाइड फॉरवर्डांपैकी एक ऐन पंचविशीच्या तोंडावर बुचांच्या ऑर्डरी गोळा करत फिरत होता. नोव्हेंबरमध्ये न्यूकॅसल नमले आणि ४७,५०० पौंडांना त्याला आर्सेनलकडे जाऊ दिले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. त्याला हवा तो क्लब मिळाला होता. पण खेळाडूंच्या संघटनेला हा खटला हवा होता. अध्यक्ष जिमी हिल आणि सचिव क्लिफ लॉइड यांनी ईस्टहॅमला दावा पुढे न्यायला लावला. त्याच सुमारास, जानेवारी १९६१ मध्ये, संपाच्या धमकीपुढे लीगने पगाराची कमाल मर्यादा रद्द केली आणि फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला शंभर पौंड घेणारा पहिला खेळाडू ठरला. ईस्टहॅमच्या दाव्याचा निकाल ४ जुलै १९६३ रोजी लागला. न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही राखून ठेवण्याची पद्धत म्हणजे व्यवसाय-स्वातंत्र्यावरचे असमर्थनीय बंधन असल्याचे सांगितले. खेळाडू त्या करारांना गुलामगिरीचे करार म्हणत, आणि न्यायासनावर बसलेले गृहस्थ ब्रिटिश गुलाम-व्यापाराविरुद्ध लढलेल्या विल्यम विल्बरफोर्सचे खापरपणतू. कादंबरीकाराने असे नाव योजले असते तर संपादकाने ते बदलायला सांगितले असते. ईस्टहॅम पुढे १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघात होता, पण त्याला एकही सामना मिळाला नाही. १९७२ मध्ये पस्तिसाव्या वर्षी त्याने स्टोक सिटीसाठी लीग कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध विजयी गोल केला. खटल्यापेक्षा स्टोकची माणसे त्याला त्या गोलासाठीच जास्त ओळखतात, आणि मला ते योग्यच वाटते.

निकाल मोठा होता, पण अर्धाच. बिनपगारी अडवून ठेवणे बंद झाले. करार संपल्यावरही नव्या क्लबकडून पैसे मागण्याची प्रथा मात्र तशीच राहिली, आणि युरोपात ती रूढ होती.

ती मोडली बेल्जियममधल्या एका मध्यम दर्जाच्या खेळाडूने. जाँ-मार्क बॉसमन लिएज शहरातल्या आरएफसी लिएज या क्लबात होता. ३० जून १९९० रोजी त्याचा करार संपणार होता. क्लबने नवा करार देऊ केला. आधी महिन्याला सरासरी एक लाख वीस हजार बेल्जियन फ्रँक मिळत होते, आता तीस हजार. त्याने नकार दिला. क्लबने त्याला ट्रान्सफर यादीत टाकले आणि नियमातल्या सूत्राने त्याचे मोल काढले एक कोटी सतरा लाख त्रेचाळीस हजार फ्रँक. हा विनोद लक्षात घ्या: पगार द्यायचा तर माणूस पावपट लायकीचा, दुसऱ्याला द्यायचा तर कोटीचा.

सीमेपलीकडच्या फ्रान्समधला दंकर्क हा दुय्यम श्रेणीतला क्लब त्याला घ्यायला तयार झाला. एका वर्षासाठी बारा लाख फ्रँकवर सौदा ठरला. मोसम सुरू व्हायच्या आत प्रमाणपत्र पोहोचायला हवे होते. दंकर्क पैसे देऊ शकेल की नाही याची लिएजला शंका आली आणि त्यांनी बेल्जियन महासंघाला प्रमाणपत्र पाठवायला सांगितलेच नाही. वर बॉसमनला निलंबित केले. बॉसमन बेकार झाला, त्याच्याशी कोणाचाही करार नव्हता, तरी तो कोणाकडूनही खेळू शकत नव्हता. ८ ऑगस्ट १९९० रोजी त्याने लिएजच्या कोर्टात अर्ज केला. त्याच्या वकिलांत जाँ-लुई द्यूपाँ नावाचा एक तरुण होता. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

खटला पाच वर्षे चालला आणि लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल आला. कामगाराला युरोपीय समुदायाच्या कोणत्याही देशात जाऊन काम करता येते, आणि फुटबॉलपटू कामगार आहे. म्हणून करार संपलेला खेळाडू दुसऱ्या सदस्य देशात जात असेल तर त्याच्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. याच निकालाने आणखी एक नियम उडवला. युरोपीय स्पर्धांत तीन परदेशी आणि दोन ‘रुळलेले’ परदेशी खेळाडू, एवढीच मुभा तेव्हा असे. समुदायातल्या नागरिकांपुरती ती मर्यादा बेकायदा ठरली. चार वर्षांनी, १९९९ च्या नाताळानंतरच्या दिवशी, चेल्सीने साउदम्प्टनविरुद्ध सुरुवातीच्या अकरांत एकही ब्रिटिश खेळाडू न घेता संघ उतरवला. इंग्लिश लीगच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडत होते.

निकालाचा फटका सर्वांत आधी कुणाला बसला असेल तर आयाक्सला. अॅमस्टरडॅमच्या या क्लबने मे १९९५ मध्ये व्हिएन्नात मिलानला १-० हरवून युरोपचे विजेतेपद घेतले होते, तेही मुख्यतः स्वतःच्या शाळेत घडवलेल्या पोरांच्या बळावर. विजयी गोल अठरा वर्षांच्या पॅट्रिक क्लायव्हर्टचा. १९९६ मध्ये एडगर डेव्हिड्स करार संपवून फुकटात निघाला आणि पुढच्या वर्षी क्लायव्हर्टही. दोघे गेले ते मिलानलाच. लहान क्लबांनी पोरे वाढवायची आणि मोठ्यांनी ती अलगद उचलायची, ही तक्रार तेव्हापासूनची. ती खोटी नाही. पण खेळाडूने आयुष्यभर त्या ऋणात राहावे हे तिचे उत्तर होऊ शकत नाही.

खुद्द बॉसमनच्या हाती फार काही लागले नाही. निकाल लागला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, त्याची उमेदीची वर्षे कोर्टात गेली होती. त्याच्या नावाच्या जोरावर करार संपवून मोकळेपणी गेलेल्यांनी आठवड्याला जे कमावले ते त्याला वर्षात मिळाले नव्हते. नंतरची वर्षे त्याने ओढगस्तीत काढली.

निकालानंतर क्लबांनी आपली गणिते बदलली. करारातली शिल्लक वर्षे हाच आता भांडवलाचा आकडा झाला. आज फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमाप्रमाणे करारात सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. त्यामुळे दोन वर्षे उरली असताना क्लब करार वाढवायला सांगतो, खेळाडू नाही म्हणाला की दबाव सुरू होतो. हिशेबवहीतही याला महत्त्व आहे. दहा कोटी युरोंना घेतलेला खेळाडू पाच वर्षांच्या करारावर असेल तर खर्च दरवर्षी दोन कोटी असा मांडतात. चेल्सीने २०२३ च्या जानेवारीत युक्रेनच्या मिखाइलो मुद्रिकला साडेआठ वर्षांचा करार दिला, तेव्हा त्यामागे खेळाडूवरच्या प्रेमाइतकीच ही भागाकाराची कला होती. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने मग खर्चाची वाटणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली.

दबाव कसा असतो, पाहा: किलियन एम्बापेने २०२३ मध्ये पीएसजीला करार वाढवणार नाही असे कळवले, तर क्लबने त्याला जपान दौऱ्यातून वगळून नकोशा खेळाडूंबरोबर सरावाला पाठवले. शेवटी २०२४ मध्ये तो फुकटात रेआल माद्रिदला गेला. जाताना साडेपाच कोटी युरो थकले असे त्याचे म्हणणे होते. प्रकरण पॅरिसच्या कामगार न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०२५ मध्ये क्लबला सुमारे सहा कोटी युरो द्यायला सांगण्यात आले. जगातल्या सर्वांत श्रीमंत कामगारांपैकी एक तिथे त्याच रांगेत उभा होता, जिथे हॉटेलातले वेटर उभे असतात.

करार संपला की मोकळीक, हे बॉसमनमुळे ठरले. मधेच सोडला तर? युरोपीय आयोगाशी बोलणी करून फिफाने २००१ मध्ये नवे नियम केले. ट्रान्सफर खिडक्या, म्हणजे क्लब बदलण्याच्या ठरावीक मुदती, आल्या. खेळाडू घडवणाऱ्या क्लबांसाठी तोड निघाली, ती बरी आहे. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरच्या रकमेतले पाच टक्के, बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला ज्यांनी शिकवले त्या क्लबांत वाटायचे. पहिल्या चार वर्षांसाठी दरवर्षी पाव टक्का, पुढे अर्धा. बावीस कोटी वीस लाखांचा पाव टक्का काढून पाहा, एका वर्षाच्या शिकवणीचे साडेपाच लाख युरो होतात.

कळीचे ठरले ते सतरावे कलम. योग्य कारणाशिवाय करार मोडला तर भरपाई, आणि सुरुवातीच्या संरक्षित काळात, म्हणजे अठ्ठावीस वर्षांआधी केलेल्या करारात तीन वर्षे आणि नंतरच्या करारात दोन, मोडला तर खेळबंदीसुद्धा. भरपाई किती, हे मात्र मोघम ठेवले. स्कॉटलंडचा अँडी वेबस्टर २००६ मध्ये संरक्षित काळ संपल्यावर हार्ट्स सोडून विगनला गेला. लोझानच्या क्रीडा लवादाने २००८ मध्ये त्याच्यावर दीड लाख पौंड बसवले, करारात उरलेल्या पगाराएवढे. खेळाडूंना वाटले, चला, बाहेर पडायची वाट सापडली. पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या मातुझालेमचा निकाल आला. तोही संरक्षित काळ संपवून शाख्तार दोनेत्स्कमधून रेआल सारागोसाला गेला होता. त्याच कलमाखाली त्याच लवादाने त्याला जवळपास एक कोटी एकोणीस लाख युरो भरायला सांगितले. तो भरू शकला नाही. रक्कम भरेपर्यंत खेळायचे नाही, असे फिफाने फर्मावले. म्हणजे पैसे मिळवायचे एकमेव साधन काढून घेऊन पैसे आणायला सांगितले. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे रद्द केले.

मग लासाना दियारा. रेआल माद्रिदमध्ये खेळून झालेला हा फ्रेंच मधल्या फळीतला खेळाडू २०१३ मध्ये चार वर्षांच्या करारावर लोकोमोटिव्ह मॉस्कोत गेला. वर्षभरात प्रशिक्षकाशी बिनसले, पगार कमी झाला, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये क्लबने करार रद्द करून दोन कोटी युरोंचा दावा ठोकला. फिफाने एक कोटी पाच लाख मंजूर केले. यादरम्यान बेल्जियमचा शार्लेरुआ क्लब त्याला घ्यायला तयार होता. त्याची अट एकच: नोंदणी होईल आणि ती भरपाई आमच्या गळ्यात पडणार नाही, एवढे लेखी द्या. नियमच असे होते की ते कुणी देऊ शकत नव्हते. करार मोडणाऱ्याला घेणारा क्लब भरपाईला आपोआप जबाबदार, त्यानेच फूस लावली हे गृहीत, शिक्षा म्हणून दोन खिडक्या नवी नोंदणी बंद, आणि वाद चालू असेपर्यंत प्रमाणपत्र नाही. दियाराचा मोसम बुडाला. त्याने बेल्जियममध्ये फिफावर दावा लावला. वकील तेच जाँ-लुई द्यूपाँ.

४ ऑक्टोबर २०२४ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने हे नियम युरोपीय कायद्याविरुद्ध असल्याचे सांगितले. डिसेंबरात फिफाने तात्पुरती चौकट आणली. आता फूस लावल्याचे सिद्ध करायची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर आहे आणि प्रमाणपत्र अडवायचे नाही. लिएजने जो कागद पाठवू दिला नाही म्हणून सगळे सुरू झाले, तो अडवणे बंद व्हायला चौतीस वर्षे लागली.

यात दर वेळी खेळाडूच बिचारा आणि क्लब खलनायक, असे नसते. एड्रियन मुटूला चेल्सीने २००३ मध्ये मोठ्या किमतीला घेतले, पुढच्या वर्षी तो कोकेनच्या चाचणीत सापडला, आणि त्याला काढल्यावर क्लबला एक कोटी सत्तर लाखांहून जास्त युरोंची भरपाई मंजूर झाली. दुसरीकडे, दोन महिन्यांचा पगार थकला आणि पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मिळाला नाही तर खेळाडूला करार सोडता येतो, असा नियम २०१८ पासून आहे, आणि तो कामाला येतो. हैदराबाद एफसीत २०२३-२४ मध्ये थकबाकीमुळे मोसमाच्या मध्यातच खेळाडू निघून गेले, फिफाने नवी नोंदणी रोखली, आणि दोन वर्षांपूर्वीचा विजेता संघ इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, तळाला गेला.

आपल्याकडे करार हीच मुळात नवी गोष्ट. मुंबईत कूपरेजवर मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, महिंद्र, रेल्वे, एअर इंडिया खेळत, तेव्हा खेळाडू संघाशी नोकरीने बांधलेला असे. संघ सोडणे म्हणजे हजेरीपट, फंड आणि निवृत्तिवेतन सोडणे, त्यामुळे सोडणारे थोडे. कोलकात्यात उलटा प्रकार. नोंदणीच्या दिवसांत मोहन बागान आणि ईस्ट बंगालची माणसे खेळाडूंना अक्षरशः लपवून ठेवत आणि सही करायलाच बाहेर काढत.

कायदा मात्र जुना आणि कडक आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा, आणि त्याचे सत्ताविसावे कलम व्यवसायाला बंधन घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरवते. श्रीरामपूरच्या झहीर खानला याचा उपयोग झाला. त्याचे व्यवहार पाहणाऱ्या पर्सेप्ट डी-मार्क या कंपनीशी त्याचा करार २००३ मध्ये संपला. करार संपल्यावरही दुसऱ्याचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला संधी द्यावी लागेल, असे त्यातले एक कलम होते. मुंबई उच्च न्यायालयात एका न्यायाधीशांनी कंपनीच्या बाजूने मनाई दिली, खंडपीठाने ती उठवली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचेच उचलून धरले: मुदत संपल्यानंतर हे बंधन चालणार नाही. प्रकरण क्रिकेटचे, समोर क्लबऐवजी एजन्सी, पण प्रश्न बॉसमनचाच.

अन्वर अलीचे प्रकरण त्यापेक्षा दियाराच्या जातीचे, कारण मुदत संपली नव्हती. मुंबई सिटी एफसीत असताना हृदयाचा दोष आढळला म्हणून ज्याचे खेळणे थांबले, कोर्टात जाऊन जो परत आला आणि एफसी गोवाकडून ज्याने आयएसएल गाजवली, तो हा बचावपटू. मूळ क्लब दिल्ली एफसीने २०२३ मध्ये त्याला मोहन बागानला लोनवर दिले, तेही चार वर्षांसाठी. वर्षभरात त्याने तो करार मोडला आणि ईस्ट बंगालशी पाच वर्षांचा केला. कोलकात्यात यापेक्षा मोठे पाप नाही. फिफाच्या नव्या नियमांत लोन जास्तीत जास्त वर्षभराचे, हे विशेष. भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने १० सप्टेंबर २०२४ रोजी त्याच्यावर चार महिन्यांची बंदी, तो, ईस्ट बंगाल आणि दिल्ली एफसी या तिघांवर मिळून बारा कोटी नव्वद लाख रुपयांची भरपाई आणि दोन्ही क्लबांवर दोन खिडक्यांची नोंदणीबंदी ठोठावली. म्हणजे जवळपास शब्दशः तेच नियम, जे आणखी चोवीस दिवसांनी लक्झेंबर्गमध्ये कोसळणार होते. त्याआधीच अन्वर आणि क्लब दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तिथे महासंघाने आपला आदेश मागे घेतला आणि नव्याने सुनावणी घेण्याचे कबूल केले, आणि अन्वर त्या मोसमात ईस्ट बंगालकडून खेळला.